चिनी विद्यार्थ्याचा इंग्रजीचा सराव आणि आपला वर्ग



चीनमधील विद्यार्थी इंग्रजीचा सराव कसा करतो, हा विषय खेड्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. स्वतःच्या वर्गातील मुलाची चूक रोज पाहून अंगवळणी पडते. ती का होते हा प्रश्नच मग सुचत नाही. परक्या मुलाची चूक मात्र नवी दिसते, तिचे कारण शोधावेसे वाटते, आणि ते शोधता शोधता आपल्या मुलाच्या चुकीचेही कारण हाती लागते.

दुसरे असे की, दोन्हीकडील परिस्थितीत साम्य आहे. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००१ च्या शरद सत्रापासून शहरांतील व २००२ पासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांत, साधारणतः तिसऱ्या इयत्तेपासून, इंग्रजी सुरू करण्याचे धोरण आखले. म्हणजे ज्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कधी बोलला गेला नाही, अशा घरातील मुलाला ही भाषा शिकविण्याचे काम दोन्ही देशांतील खेड्यांत जवळजवळ एकाच वेळी शिक्षकांच्या शिरावर आले. पुढे त्या देशात महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे, म्हणजे बहुधा इंग्रजीचे, असतात. लहानपणी इंग्रजीची धास्ती बसलेल्या मुलाला ती धास्ती किती महाग पडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

प्रथम लिपीचा विचार करू. चिनी लिपी वर्णमालेची नाही. तिच्यातील प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा उच्चार व सामान्यतः स्वतःचा अर्थ असतो. मुलांना उच्चार शिकविणे सुलभ व्हावे म्हणून रोमन अक्षरांत चिनी लिहिण्याची ‘पिन्यिन’ नावाची पद्धत तयार करण्यात आली व ती ११ फेब्रुवारी १९५८ रोजी तेथील राष्ट्रीय लोकसभेने मान्य केली. आज चिनी बालक शाळेत आल्याबरोबर ही पद्धत शिकते. त्यामुळे इंग्रजीच्या तासाला एबीसीडी त्याला ओळखीची असते; पण हीच ओळख त्याला फसविते. सी, ए, एन ही तीन अक्षरे इंग्रजीत ‘कॅन’ अशी वाचली जातात. पिन्यिनच्या सवयीने तो ती ‘त्सान’ अशी वाचू पाहतो. इंग्रजीत ‘स्त्रिया’ या अर्थाच्या ‘विमेन’ शब्दाची जी पाच अक्षरे, तीच पाच अक्षरे पिन्यिनमध्ये ‘वो-मन’ अशी वाचतात, आणि त्यांचा अर्थ होतो ‘आम्ही’. मूल चुकले ते आळसाने नव्हे. जे त्याला नीट शिकविले होते, तेच त्याने निष्ठेने वापरले.

आपल्या मुलाचे असेच होते. देवनागरीने त्याला शिकविले आहे की एका अक्षराचा एकच उच्चार. या शिकवणीवर विश्वास ठेवून तो इंग्रजीकडे येतो आणि ‘बट’ व ‘पुट’ या दोन शब्दांतील एकच स्वराक्षर दोन तऱ्हांनी उच्चारलेले ऐकून बुचकळ्यात पडतो. अशा वेळी ‘इंग्रजी भाषाच विचित्र’ असे म्हणून पुढे जाण्यापेक्षा सारख्या वळणाचे शब्द एकत्र द्यावेत : ‘कट, बट, हट, नट’ हे एका दिवशी, ‘पुट, पुश, पुल’ हे दुसऱ्या दिवशी. नियम सांगण्याची गरज पडत नाही. शब्दांचा गट हाच नियमाचे काम करतो.

आता शब्दसंग्रहाकडे वळू. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चीनच्या अभ्यासक्रम-मानकात प्राथमिक शाळेच्या अखेरीस सुमारे ६०० ते ७०० शब्द आणि सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणाअखेर १५०० ते १६०० शब्द अपेक्षिले होते. पुढे महाविद्यालयात इंग्रजीची जी चौथ्या श्रेणीची परीक्षा १९८७ पासून घेतली जाते, तिच्यासाठी तर याहून कितीतरी अधिक शब्द लागतात. साहजिकच शब्दांच्या जाड पुस्तिका निघाल्या. त्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असल्यामुळे त्यांतील अगदी आरंभीचा एक शब्द असतो ‘अबँडन’, म्हणजे टाकून देणे, सोडून देणे. पुष्कळ विद्यार्थी मोठ्या निश्चयाने पुस्तिका उघडतात, हा शब्द पाठ करतात आणि त्याच्या अर्थाप्रमाणेच वागतात, असा विनोद तेथील विद्यार्थी स्वतःच करतात. विनोदात तथ्य आहे. वर्णानुक्रम ही शब्द शोधण्याची सोय होय. शब्द शिकण्याचा तो क्रम नव्हे.

कोणते शब्द आधी शिकवावेत याचा पद्धतशीर विचार ज्यांनी केला, त्यांपैकी मायकेल वेस्ट यांनी आपल्या कामाचा पाया अखंड हिंदुस्थानातच, ढाक्यास अध्यापक-प्रशिक्षणाचे काम करीत असताना घातला. बंगाली मुलांच्या वाचनावरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ साली. ज्या शब्दांशी वाचनात वारंवार गाठ पडते ते आधी, ज्यांच्याशी क्वचित पडते ते नंतर, हे तिचे सूत्र. खेड्यातील शिक्षकाने एवढे सूत्र जरी ध्यानी धरले, तरी पाठांतराचा निम्मा भार हलका होईल.

शब्द पाठ केला तरी त्याची संगत पाठ होत नाही, ही चिनी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण. चिनी भाषेत दिवा ‘उघडतात’. म्हणून तो इंग्रजीतही ‘ओपन द लाइट’ म्हणतो. उसने घेणे आणि उसने देणे या दोहोंना चिनीत ‘च्ये’ हा एकच शब्द पुरतो. म्हणून ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांत त्याचा गोंधळ होतो. आपल्या मुलाचा दिवा ‘लागतो’ आणि परीक्षा त्याला ‘द्यावी’ लागते. म्हणून तो ‘गिव्ह द एक्झॅम’ असे म्हणून मोकळा होतो. यावर उपाय एकच. ‘लाइट म्हणजे दिवा’ अशी एकेकटी जोडी पाठ करून घेऊ नये. ‘स्विच ऑन द लाइट’ असा सबंध तुकडा द्यावा. शब्द त्याच्या सोबत्यांसह यावा.

संख्यांचेही असेच. चिनीत दहा हजारांना ‘वान’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि मोठी मोजणी त्याच्या पटीत चालते. आपली चालते लाखात व कोटीत. इंग्रजीतील एक मिलियन म्हणजे चिनी मुलाचे शंभर वान आणि आपल्या मुलाचे दहा लाख. दोघांनाही मनात रूपांतर करावे लागते आणि दोघेही तेथे अडखळतात. ही अडचण गणिताची आहे असे समजून मुलाला बोल लावू नये.

आता व्याकरण. चिनी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि काळाप्रमाणेही बदलत नाही. ‘काल’ हा शब्द आला की गोष्ट कालची झाली. क्रिया पूर्ण झाल्याचे दाखविणारा एखादा छोटा शब्द हवा तर जोडतात. माणसांखेरीज इतर नामांना सामान्यतः अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. तीन पुस्तके म्हणावयाची तर ‘सान पन शू’, म्हणजे ‘तीन-प्रत-पुस्तक’. तीन म्हटल्यावर ती अनेक आहेत हे उघडच झाले, मग नामाला वेगळी शेपटी कशाला, असा त्या भाषेचा न्याय. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिन्हींचा उच्चार ‘था’ असा एकच. स्त्रीसाठी लिहिण्याचे निराळे अक्षर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले, पण उच्चार एकच राहिला. म्हणून चांगले इंग्रजी जाणणारा चिनी मनुष्यही बोलण्याच्या ओघात आपल्या आईला ‘ही’ म्हणून जातो.

यात उच्चाराचीही भर पडते. उत्तर चीनमधील प्रमाण बोलीत शब्दावयवाच्या शेवटी स्वर किंवा ‘न’, ‘ङ’, ‘र’ यांसारखे मोजके ध्वनीच येतात. ‘क्स’, ‘क्ट’ असे जोडध्वनी येतच नाहीत. मग ‘बुक्स’मधील ‘स’ आणि ‘वॉक्ड’मधील शेवटचा ध्वनी त्याच्या कानाला धड ऐकूही येत नाही. जे ऐकू येत नाही ते लिहिताना गळते. शिक्षक मात्र ते व्याकरणाचे अज्ञान समजून लाल रेघ मारतो.

मराठी मुलाच्या जिभेला जोडाक्षरांचा सराव असतो. तरीही तो ‘टू बुक’ लिहितो. त्याचे कारण वेगळे आहे. मराठीत पुस्तकाची पुस्तके होतात हे खरे, पण एक बैल, दोन बैल; एक हात, दोन हात; एक दगड, दोन दगड. अकारान्त पुल्लिंगी नाम प्रथमेच्या अनेकवचनात जसेच्या तसे राहते. चूक एकच, कारणे दोन. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असला पाहिजे. चिनी मुलाला कानाचा सराव हवा. मराठी मुलाला बैल व पुस्तक ही दोन उदाहरणे शेजारी मांडून, इंग्रजी कोणत्या वाटेने जाते ते दाखविणे पुरेसे होते.

काही ठिकाणी तर दोन्ही भाषा मुलाला एकाच खड्ड्यात नेतात. चिनीत ‘स्वेइ-रान’ने वाक्य सुरू झाले की पुढे ‘तान-श्र’ यावे लागते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावा लागतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आल्यावर ‘बट’ येत नाही. चिनी मूल आणि मराठी मूल दोघेही तो घालतात, कारण तो न घातल्यास वाक्य लंगडे वाटते. तीच गोष्ट नकारार्थी प्रश्नाची. ‘तू जेवला नाहीस का?’ या प्रश्नाला ‘हो, नाही जेवलो’ असे उत्तर मराठीत शुद्ध आहे, चिनीतही शुद्ध आहे. इंग्रजीत मात्र तेथे ‘नो’ हवे.

मग सराव कसा घ्यावा? ‘यस्टर्डे आय वॉक्ड टू स्कूल’ हे वाक्य वीस वेळा लिहून घेतले, तरी मुलाचे लक्ष ‘वॉक्ड’च्या शेपटीकडे जाईलच असे नाही, ‘यस्टर्डे’ने त्याचे काम आधीच भागविलेले असते. यास्तव ‘यस्टर्डे’ काढून टाकावा. शिक्षकाने केवळ ‘आय वॉक्ड टू स्कूल’ किंवा ‘आय वॉक टू स्कूल’ म्हणावे, आणि मुलांनी कालची गोष्ट असेल तर डावा हात, नेहमीची असेल तर उजवा हात वर करावा. तसेच फळ्यावर एका बाजूस एक पुस्तक व दुसऱ्या बाजूस तीन पुस्तके काढावीत. शिक्षकाने संख्या न सांगता ‘बुक’ किंवा ‘बुक्स’ म्हणावे आणि मुलाने बोट दाखवावे. येथे शेपटीकडे लक्ष दिल्यावाचून अर्थच लागत नाही, म्हणून लक्ष द्यावेच लागते. ज्या जागी मातृभाषा मुलाला ओढते, त्याच जागी अर्थ अडविणे, हे खऱ्या सरावाचे लक्षण होय. खडू आणि फळा यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

शेवटी वाचन व आकलन. ‘माझ्या भावाने काल विकत घेतलेले पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यात पुस्तकाचे सारे वर्णन पुस्तकाच्या आधी येते. चिनीतही अगदी याच क्रमाने येते. इंग्रजीत मात्र ‘द बुक’ आधी आणि भाऊ, काल, विकत घेणे हे सारे मागाहून. मग वाचता वाचता मूल ‘यस्टर्डे इज ऑन द टेबल’ असा तुकडा पाडते आणि अर्थ हरवून बसते. येथे व्याकरणाच्या परिभाषेचा उपयोग नाही. वाक्य फळ्यावर लिहून ‘टेबलावर काय आहे?’ एवढे विचारावे, उत्तराच्या शब्दाखाली रेघ ओढावी, मग ‘कोणते पुस्तक?’ असे विचारून उरलेल्या तुकड्याभोवती कंस करावा. दहा वाक्यांत मुलाला कंस दिसू लागतो.

चिनी शाळांत सकाळी सर्वांनी मोठ्याने वाचण्याचा तास असतो. त्याने जीभ वळते, भीड मोडते. हा लाभ लहान नव्हे. पण मोठ्याने वाचले म्हणजे समजले असे नव्हे, आणि प्रश्नाचे उत्तर लिहिले म्हणजेही समजले असे नव्हे. पुढील वाक्य पाहावे : ‘दोंबा काल फिरक्यावर टिंबला होता.’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. तरी ‘दोंबा कोठे टिंबला होता?’ या प्रश्नाला ‘फिरक्यावर’ असे अचूक उत्तर कोणतेही मूल देईल व पूर्ण गुण मिळवील. धड्याखालील पुष्कळसे प्रश्न याच जातीचे असतात. त्यांतून उतरवून घेण्याचे कौशल्य वाढते, समज वाढत नाही.

म्हणून प्रत्येक उताऱ्यावर एक तरी प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही पण उताऱ्यावरून निघते. ‘शेतकऱ्यापाशी दोन बैल होते. विहीर आटल्यावर त्याने एक विकला’ असा मजकूर असेल, तर ‘त्याने काय विकले?’ यापेक्षा ‘आता नांगर ओढावयास त्याला काय करावे लागेल?’ हा प्रश्न समज तपासतो. उत्तर मराठीत आले तरी ते स्वीकारावे. तपासावयाची आहे ती समज.

चीनच्या परीक्षांत उताऱ्यातील काही शब्द गाळून मुलाकडून ते भरून घेण्याचा प्रकारही प्रचलित आहे. ही युक्ती डब्ल्यू. एल. टेलर यांनी १९५३ साली, मजकूर किती वाचनसुलभ आहे हे मोजण्यासाठी मांडली होती. पुढे ती भाषेच्या परीक्षेत आली. ओळखीच्या धड्यातील काही शब्द झाकून शिक्षकाला ती फळ्यावर सहज करता येते. अट एकच : गाळलेला शब्द मागच्यापुढच्या अर्थावरून सुचण्याजोगा असावा, आणि अर्थाला धरून असलेला दुसरा शब्द मुलाने सांगितला तर तोही बरोबर मानावा.

चिनी विद्यार्थ्याची एक सवय मात्र आपल्या शाळांनी जशीच्या तशी उचलावी अशी आहे. तेथे पुष्कळ विद्यार्थी चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही ठेवतात. तिला ‘छ्वो-थी-पन’ म्हणतात. चुकलेले वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चूक का झाली याची एक ओळ, असे तिचे स्वरूप ठेवता येईल. पैकी तिसरी ओळ सर्वांत मोलाची. ‘मराठीत दोन बैल म्हणतात म्हणून चुकलो’ एवढे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले, ते मूल पुन्हा तसे चुकले तरी स्वतःच सावध होईल. मुख्य म्हणजे, ‘मी ढ आहे’ हे चुकीचे खरे कारण नव्हे, असे त्याला पटेल. पाच-सात दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने ती पाने उलटावीत. उजळणी एकाच दिवशी दहा वेळा करण्यापेक्षा अंतरा-अंतराने तीन वेळा केलेली अधिक टिकते.

पुष्कळ मुलांचे इंग्रजी बुद्धी नाही म्हणून सुटत नाही; वहीवरील लाल रेघांचा अर्थ कोणी सांगितला नाही म्हणून सुटते. तिसरी-चौथीत ज्याने ‘आपल्याला हे येणार नाही’ असे मनाशी ठरविले, त्याला पुढे कोणतीही शिकवणी सहसा परत आणू शकत नाही. त्याने तसे ठरविण्याच्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे प्राथमिक शिक्षक.

चिनी भाषेत अभ्यास करणे याला ‘श्वे-शी’ म्हणतात. पहिल्या पदाचा अर्थ शिकणे आणि दुसऱ्याचा सराव करणे. या दुसऱ्या पदाच्या जुन्या अक्षरचिन्हाच्या माथ्यावर पक्ष्याची पिसे काढलेली असतात. पाखराचे पिलू पुनःपुन्हा उडण्याचा यत्न करते, तो हा सराव, असे त्याचे परंपरागत स्पष्टीकरण आहे. पडलेल्या पिलाच्या पंखांवर कोणी लाल रेघ मारीत नाही.

पुढील महिन्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या वह्यांतून वारंवार येणाऱ्या पाच चुका निवडाव्यात, प्रत्येकीपुढे तिचे मराठीतील मूळ लिहावे आणि त्या जागी अर्थ अडेल असा एकेक सराव तयार करावा. पुढच्या संमेलनात ही पाने एकत्र वाचली गेली, तर जिल्ह्यातील शाळांना उपयोगी पडेल अशी एक चांगली पुस्तिका त्यांतूनच तयार होईल.